सासूबाईंना भोपळ्याच्या जत्रेला नेऊ का?

प्रश्न: ताई, आम्ही स्टुटगार्टला राहतो, सध्या सासू-सासरे आलेत आणि लेक पाच वर्षांची आहे. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनी लुडविग्सबुर्गच्या भोपळा प्रदर्शनाला जायचं म्हणतोय, खाण्याचे खूप स्टॉल असतात ना तिथे. पण सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यात नवरात्राचे उपास. मागच्या महिन्यात एका जत्रेत व्हेज म्हणून घेतलेल्या पदार्थात बेकन निघालं आणि त्या दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिल्या, मला रडूच आलं. डबा देऊन त्यांना घरीच ठेवू का?

उत्तर: अगं घरी अजिबात ठेवू नकोस! आख्ख्या जर्मनीत सासूबाईंना ज्यातलं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल अशी जत्रा हीच, कारण विषय भोपळा आहे. 2000 सालापासून राजवाड्याच्या बागेत हे प्रदर्शन भरतं, साडेचार लाखांच्या आसपास भोपळे मांडलेले असतात. ऑगस्टअखेर सुरू होतं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतं, म्हणजे दसरा झाला की निवांत जा, उपासाच्या दिवशी नको, कारण लाल भोपळा उपासाला चालत असला तरी तिथल्या भोपळ्याच्या सूपमध्ये कांदा असतोच.

आता बेकनचं. तिथं त्याला श्पेक म्हणतात आणि बऱ्याच लोकांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही, म्हणून ‘मांस आहे का’ असं विचारू नकोस, ‘फेगेटारिश?’ म्हणजे शाकाहारी का, असं विचार आणि वर ‘ओने श्पेक?’ म्हणजे श्पेकशिवाय ना, हेही विचार. कांद्याचा केक म्हणजे त्स्वीबलकूखन आणि पातळ पोळीसारखा फ्लामकूखन, या दोन्हींत हमखास श्पेक. माउलटाशन आपल्या करंजीसारखे दिसतात पण आत बहुतेक वेळा खिमा. सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारच. भोपळ्याचे फ्राइज आणि साखरेत घोळवलेल्या भाजक्या बिया मात्र आमच्या घरी सगळ्यांनी खाल्ल्या. तरी दशम्या-चटणी बॅगेत असू दे, बागेत बाकं भरपूर आहेत, पण डबा सगळ्यांनी मिळून खा, त्यांना एकटीला बाजूला बसवून नको.

माझी आई आली होती तेव्हाचं सांगते. विक्रीच्या ठिकाणी तिनं होक्काइडो जातीचा एक केशरी भोपळा उचलला, नखानं साल दाबून पाहिली, कानाशी धरून टकटक केलं. विकणारी बाई बघतच राहिली, मग तिनं खुणेनं सांगितलं की हा सालीसकट शिजवायचा. आईला पटेना, ती हवेतच साल काढून दाखवत होती आणि ती बाई मान हलवत होती, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता पण दहा मिनिटं गप्पा चालल्या होत्या. घरी येऊन आईनं सालीसकट भाजी केली, मेथीदाण्याची फोडणी, गूळ, ओलं खोबरं, आणि खरंच साल लोण्यासारखी मऊ झाली गं. घारग्यांना मात्र ‘मुस्काट’ जातीचा भोपळा घ्या, तो मोठा, शिरांचा, फोडी करूनही मिळतो, आपल्या लाल भोपळ्याच्या जवळ जातो.

लेकीला जायच्या आधी आजीकडून म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट ऐकव. भोपळ्यात बसून तळ्यात वल्हवायची शर्यत सप्टेंबरात होते, ती तुमची हुकेल, पण ऑक्टोबरात महाकाय भोपळ्यांची वजनं करतात, त्यातले काही तर एका टनाच्या घरात जातात, म्हातारी खरंच मावेल असे. शिवाय त्याच बागेत परीकथांचा भाग आहे, रापुन्झेलला हाक मारली की मनोऱ्यावरून वेणी खाली येते, आमची पोरगी तिथून हलेचना. एस-4 किंवा एस-5 लोकलने लुडविग्सबुर्गला उतरा, पुढे पंधरा-वीस मिनिटं चालायचंय, सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर बस घ्या. सुटे युरो जवळ ठेवा.

प्रश्न: ताई, आम्ही तिथूनच छोटे रंगीबेरंगी भोपळे आणलेत, त्यांची भाजी होईल का?

उत्तर: नाही! ते शोभेचे, त्सीअरक्युर्बिस. त्यात कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, शिजवूनही जात नाही, उलट्या-जुलाब होतात. खायचा भोपळासुद्धा चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघ, कडू लागला तर थुंकून टाक आणि आख्खा भोपळा फेकून दे, कितीही महागाचा असला तरी. शोभेचे दारात मांड, दिवाळीपर्यंत टिकतील.