तुम्हाला जंगलात जायचंय, की न्यायचंय?

"राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा राहिलाय."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडताच पुढचं काय येणार, हे मला कळतं. पंधरा-वीस वर्षं कॉर्पोरेटमध्ये काढलेली, चांगल्या पदावरची, चाळिशीतली माणसं. कुणाला शेती करायची असते, कुणाला शिकवायचं असतं. अलीकडे बऱ्याच जणांच्या मनात निसर्गाच्या सान्निध्यातलं कोचिंग असतं. चार भिंतींत समोरासमोर बसायचं नाही, झाडांमधून सोबत चालायचं आणि चालता चालता समोरच्याला त्याचा प्रश्न नीट बघू द्यायचा. कल्पना मला स्वतःला मनापासून आवडते. काळजी मात्र सगळ्यांची एकच असते: उडी मारली आणि जमलं नाही तर?

त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि आठ महिन्यांच्या भेटी इथे मोजक्या प्रसंगांत आणल्या आहेत.

ती पहिल्या भेटीला जाडजूड फाइल घेऊन आली. वय 41, एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये वरच्या जागेवर. फाइलमध्ये संशोधनाचे कागद होते, पिवळ्या मार्करने रंगवलेले. रॉजर उलरिच यांचा 1984 चा गाजलेला अभ्यास होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये रूढ केलेल्या 'शिनरिन-योकू'बद्दल, म्हणजे वनस्नानाबद्दल, बरंच काही होतं. इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांची 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी होती. आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं सांगणारे जास्त, असं त्यात दिसलं होतं.

"मॅडम, एवढा पुरावा हातात आहे. तरी मला खात्री का वाटत नाही?"

"हा पुरावा कशाचा आहे?"

"निसर्गात माणसाला बरं वाटतं याचा."

"त्या 46 जणांच्या खिडकीपाशी कोच उभा होता का?"

ती हसली आणि मग एकदम गप्प झाली. झाडं आपलं काम कुणाच्याही मदतीशिवाय करतात. तिथे माझी गरज काय, मी सोबत असल्याने त्या माणसाला वेगळं काय मिळतं, याचं उत्तर कोणत्याही शोधनिबंधात सापडत नाही. ते तिला स्वतःच शोधायचं होतं, आणि त्यालाच ती चुकवत होती. वाचन हा आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांचा फार प्रतिष्ठित पळवाट असते.

दुसऱ्या भेटीत मी तिला राजीनामा वाचून दाखवायला सांगितला. तो 14 महिन्यांपासून तिच्या ड्राफ्टमध्ये पडून होता. तिने फोन काढून वाचायला सुरुवात केली. तीन मोठे परिच्छेद. दर सहा महिन्यांनी होणारी फेररचना, रात्री अकराचे कॉल, तिने बांधलेल्या टीमचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेल्याची खंत. वाचताना आवाज चढत गेला.

"यात जंगल कुठे आहे?" मी विचारलं.

तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. जंगल कुठेच नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे बहुतेकांच्या बाबतीत घडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या नव्याने मांडली. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असं त्यात म्हटलंय. त्याच्या खुणा तीन: जीव गळून जाणं, कामाबद्दल मन उठणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटू लागणं. या अवस्थेत माणसाला इथून कुठेही जायचं असतं. मग जे पहिलं हिरवं दिसेल त्याला तो आपलं स्वप्न म्हणतो. म्हणून दमलेल्या माणसाला मी आधी रजा घ्यायला सांगते. तिनेही तीन आठवडे रजा घेतली, झोपली, आईकडे राहून आली. परत आली तेव्हा राग निम्मा ओसरला होता, पण जंगलाची ओढ तशीच होती. ही ओढ रागापेक्षा वेगळी आहे, याची ती पहिली खूण मला मिळाली.

मग आम्ही खात्रीकडे वळलो. तिच्या बोलण्यात तीन वाक्यं पुन्हा पुन्हा येत होती. पहिल्या वर्षात पगाराएवढं मिळालंच पाहिजे. नवऱ्याला मनापासून पटलंच पाहिजे. निर्णय घेताना भीती वाटता कामा नये. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या परंपरेत वाढलेली समुपदेशक आहे. त्यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मला आजही सगळ्यात कामाची वाटते, कारण ती माणसाचं बोट अचूक एका शब्दावर ठेवते: 'च'. मिळालं पाहिजे ही इच्छा झाली, मिळालंच पाहिजे हा हट्ट झाला. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट त्याला ड्राफ्टपाशी 14 महिने बसवून ठेवतो. तिन्ही वाक्यांतला 'च' काढून ती मोठ्याने म्हणायची, असा गृहपाठ मी दिला. आधी तिला ते बालिश वाटलं. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "भीती वाटली तरी चालेल, हे म्हणताना रडू आलं."

तरीही मुख्य गाठ सुटली नव्हती. ती चौथ्या भेटीत दिसली, आणि तीही तिच्या बोलता बोलता. रविवारी ती एकटी रानात जायची, त्याचं वर्णन करत होती. ओढा, त्यावर आडवं पडलेलं झाड, तिची ठरलेली बसायची जागा. म्हणाली, "तिथे मला कुणी काही विचारत नाही, मॅडम. तेवढेच तीन तास."

मी ते वाक्य धरलं. "कुणी काही विचारत नाही म्हणून तुम्हाला तिथे बरं वाटतं. उद्या त्याच जागी आठ माणसं असतील आणि आठही जणांना तुमच्याकडून काहीतरी हवं असेल. एकाचे बूट चावत असतील, एकीला पावसाची धास्ती असेल, एकजण सारखा फोन बघत असेल. तुम्हाला जंगलात जायचंय, की लोकांना जंगलात न्यायचंय?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग पर्स उचलत म्हणाली, "तुम्ही माझी एकुलती एक जागा काढून घेतलीत." पुढची भेट तिने रद्द केली.

समुपदेशनात असे आठवडे येतात. आपण घाई केली का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं. पण हा प्रश्न विचारायलाच हवा होता, यावर मी आजही ठाम आहे. छंदाचा व्यवसाय करताना सगळ्यात आधी छंदच हातचा जातो, आणि हे कुणी वेळेवर सांगत नाही.

तीन आठवड्यांनी ती आली. "उत्तर माहीत नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाही."

"मग उत्तर बसून मिळणार नाही. एकदा नेऊन बघा."

"दोनदा नेलंय मैत्रिणींना."

"पैसे घेऊन?"

"छे! पैसे मागायची लाज वाटते."

तिला मी एलिस यांचीच गोष्ट सांगितली. 19 वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभर रोज जायचं ठरवलं. बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिथे बसायचं आणि मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे 130 जणींपैकी 30 उठून गेल्या, 100 जणी बोलल्या. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. हिशेबाने पाहिलं तर हाती भोपळा. पण नकाराने माणूस मरत नाही, हे त्यांना शंभर पुस्तकं वाचून कळलं नसतं, ते त्या बाकांवर कळलं.

तिच्यासाठी मी ठरवलं: 20 लोकांना मेसेज, त्यात फीचा आकडा स्पष्ट, सवलत नाही, "जमलं तर बघा" नाही. तो मेसेज लिहायला तिला चार दिवस लागले. नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही, पाच जण नाही म्हणाले, सहा जण हो म्हणाले. एका नातेवाइकाने विचारलं, "फिरायला न्यायचे पैसे?" ती मला म्हणाली, "रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठले, तर मी जागच्या जागी होते."

मग एका सकाळी ती त्या सहा जणांना रानात घेऊन गेली. खरं सांगायचं तर माझा अंदाज होता की ती त्यानंतर येऊन म्हणेल, मला नाही जमणार, मला माझा रविवार परत हवाय. तेही उत्तम उत्तर ठरलं असतं.

त्यानंतरच्या भेटीत मात्र ती वेगळीच शांत होती. सहा जणांत पन्नाशीचे एक गृहस्थ होते. ओढ्याजवळच्या त्या आडव्या झाडापाशी ते बसले आणि उठेनात. तिने त्या थांब्यासाठी एक उपक्रम आखला होता, कागद खिशात होता. तिने बाकीच्यांना ओढ्याच्या काठाने आपापलं फिरायला सांगितलं आणि कागद खिशातच ठेवून त्यांच्याजवळ थांबली. ते नखाने सालीचे बारीक तुकडे काढत होते, गुडघ्यावर एकाशेजारी एक मांडत होते. ती बोलली नाही. वीसेक मिनिटांनी ते म्हणाले, "आमचा विभाग बंद झालाय. दोन महिने झाले. घरी अजून सांगितलेलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मी म्हटलं, हे पहिल्यांदा मोठ्याने बोललात का? ते हो म्हणाले. थोडा वेळ तसेच बसलो. मग त्यांनी ते सालीचे तुकडे गोळा करून पुन्हा झाडावर ठेवले."

ती थांबली आणि म्हणाली, "परतताना सगळे खंड्या पक्ष्याबद्दल बोलत होते. कितीतरी वेळ बसला होता म्हणे, ओढ्यावर, अगदी माझ्या मागे. मी त्या जागी इतकी वर्षं जाते, असा खंड्या माझ्या नजरेतून कधी सुटला नसता. मला तो दिसलाच नाही, मॅडम. आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही."

मी लगेच काही बोलले नाही. तिला स्वतःचं वाक्य ऐकू जायला वेळ हवा होता. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. "हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे ना?"

होतं. ज्याला जंगलात जायचं असतं, त्याला चुकलेला खंड्या टोचतो. ज्याला माणसांना न्यायचं असतं, त्याचं लक्ष सालीचे तुकडे मांडणाऱ्या बोटांवर असतं. हा फरक मला पुस्तकाने शिकवला नाही, या बाईने शिकवला, आणि तेव्हापासून व्यवसाय बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तोच प्रश्न त्याच्या त्याच्या शब्दांत विचारते. स्वयंपाक आवडतो, की खाऊ घालणं? लिहायला आवडतं, की लेखक होणं? बरेच जण या प्रश्नानंतर नोकरीतच राहतात आणि रविवार जपतात. त्यांचीही सुटका झालेली असते.

पुढचं काम व्यवहाराचं होतं. ते कंटाळवाणं असतं आणि तिथेच माणसं घसरतात. नवऱ्याच्या विरोधाबद्दल ती खूप बोलायची, म्हणून एकदा दोघांना बोलावलं. तो एवढंच म्हणाला, "तू मला निर्णय सांगतेस, आकडे कधी सांगत नाहीस." त्या संध्याकाळी दोघांनी घराचा महिन्याचा खर्च, कर्जाचे हप्ते, विमा हे कागदावर मांडलं. 12 महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही, आणि तोवर महिन्यातून दोन गट न्यायचे, असं ठरलं. तुम्हीही किमान एवढं तरी करा.

प्रशिक्षणाबद्दलही स्पष्ट बोलते. बहुतेक देशांत 'कोच' ही पाटी कुणीही लावू शकतं, कायदा आड येत नाही. त्यामुळे जबाबदारी आपली वाढते. 1995 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. हे तास नोकरीत असतानाच सुरू करता येतात. शिवाय जंगल म्हणजे केबिन नव्हे. त्या जमिनीवर गट नेण्याची परवानगी, प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण, हवामान बिघडलं तर काय करायचं ते, अपघाताचा विमा, आणि कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का याची आधीच घेतलेली माहिती, हे सगळं आधी हवं.

आणि एक मर्यादा. त्या गृहस्थांना आठवडाभराने तिने फोन केला. झोप उडालीय, जगण्यात रस वाटत नाही, असं ते म्हणाले. तिने न घाबरता, न टाळता त्यांना थेट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मग त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कोचिंग उपचाराची जागा घेत नाही, झाडंही घेत नाहीत. हे तिला तेव्हाच कळलेलं पाहून मला फार समाधान वाटलं.

आठव्या महिन्यात तिने जुना ड्राफ्ट पुसून टाकला. नवा राजीनामा दोन ओळींचा होता, तो तिने माझ्यासमोर वाचला आणि बाहेर पडून गाडीत बसल्यावर पाठवला. मधे एकदा तिचा फोन आला होता. शनिवार-रविवार गट असतात, आठवड्यात एकेकट्या माणसांची सत्रं. पगाराएवढं अजून मिळत नाही, खर्च निघतो. बुधवारी सकाळी मात्र ती कुणालाच नेत नाही. कुणी त्या दिवसाबद्दल विचारलं, तर गुरुवार सुचवते.