‘क्लिअर टीपीएम’ला हात लावू नका (उत्तर जरा लांबलंय)

तुमच्या पोस्टची शेवटची ओळ वाचली आणि हातातला चहा बाजूला ठेवला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: विंडोज 11 असलेल्या लॅपटॉपवर शेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं होतं. इन्स्टॉलरला आतली एसएसडी दिसेना, नुसता पेनड्राइव्ह दिसत होता. कुणीतरी सांगितलं म्हणून बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद केलंत, स्टोरेजचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर नेलात (मशीनने डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती). आता विंडोज सुरूच होत नाही, 48 आकडी रिकव्हरी की मागतंय. ती तुमच्याकडे नाही. आणि बायॉसमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ (सुरक्षेची चिप पुसून टाकणारा) असा पर्याय दिसतोय, तर ‘तो करून बघू का?’

नका करू. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण ते नका करू.

आधीच सांगून टाकतो, मी या क्षेत्रातला माणूस नाही. हिशेबाची कामं करतो, घरच्या मशीनवर बारा-तेरा वर्षं लिनक्स वापरतोय, एवढंच. तुमचं मशीन समोर नाही, बायॉसचे मेनू प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा खाली लिहिलंय ते आपापल्या जबाबदारीवर. पण ही विशिष्ट चूक मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे तिच्याबद्दल मात्र छातीठोकपणे बोलतो.

आत्ता काय करायचं ते पहिलं. पेनड्राइव्ह काढा. बायॉसमध्ये जाऊन ज्या दोन गोष्टी बदलल्यात त्या होत्या तशा करा: सिक्युअर बूट चालू, स्टोरेज पुन्हा रेडवर (काही मशीनवर त्याला ‘आरएसटी’ किंवा ‘इंटेल ऑप्टेन’सकट काहीतरी लांबलचक नाव असतं). सेव्ह करा, पूर्ण बंद करा, मग चालू करा. बहुतेक वेळा विंडोज काही न विचारता उघडतं. कारण विंडोजने डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन, त्याचं नाव बिटलॉकर) घातलंय आणि टीपीएम ही चिप म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा रखवालदार आहे. मशीन सुरू होताना तो काही खुणा तपासतो, सिक्युअर बूटची अवस्था त्यातली एक. खुणा जुळल्या तर किल्ली देतो, नाही जुळल्या तर ‘48 आकडे आण’ म्हणतो. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. खुणा परत जुळवल्यात की काम होतं. ‘क्लिअर टीपीएम’ म्हणजे त्या रखवालदाराच्या हातातली किल्ली विहिरीत टाकणं. त्यानंतर 48 आकड्यांशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. कुणी ‘डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या’ म्हणेल, पण या कुलपापुढे तोही काही करू शकत नाही.

आता माझी कथा, म्हणजे वरचं नुसतं वाचलेलं ज्ञान नाही हे कळेल.

चार वर्षांपूर्वी माझंही अगदी हेच झालं. डिस्क दिसेना. मी रात्रभरात चार वेगवेगळी डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) पेनड्राइव्हवर चढवली, कारण जो तो ‘हे सोडा, ते टाका’ सांगत होता. (या सल्ल्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. डिस्क दिसत नाही याचा डिस्ट्रोच्या नावाशी शंभरातल्या नव्वद वेळा काही संबंध नसतो. पण आपण वापरतो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायची हौस कुणाला नाही?) पहाटे तीनच्या सुमाराला चिडून बायॉसमध्ये गेलो आणि एकाच फेरीत तीन गोष्टी बदलल्या. फोटो काढला नाही, कागदावर लिहिलं नाही. पुढचा पडदा निळा.

इथे एक सांगून ठेवतो, कारण माझा अर्धा गोंधळ यातूनच झाला. या सगळ्या प्रवासात तीन वेगवेगळे निळे पडदे भेटू शकतात आणि झोपेत तिन्ही सारखे दिसतात. एक ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतो: विंडोज उघडायला लागलं, पण एएचसीआयचा ड्रायव्हर आधीपासून तयार ठेवलेला नव्हता म्हणून अडलं. डेटा जागच्या जागी असतो, मोड परत फिरवला की उठतं. दुसरा बिटलॉकरचा, 48 आकडे मागणारा. त्यावर बारीक अक्षरात एक की आयडी असतो, तो महत्त्वाचा, त्याबद्दल पुढे. तिसरा ‘मॉक मॅनेजर’, तो लिनक्सचाच, सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा (ग्राफिक्स कार्डाचा) ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या रीस्टार्टला येतो. मी पहिला आणि दुसरा एकच समजलो. एकावर जो उपाय वाचला तो दुसऱ्यावर करत बसलो.

मग ‘लोड डीफॉल्ट्स’ दाबलं. वाटलं, सगळं होतं तसं होईल. माझ्या मशीनवर तरी नाही झालं. कारखान्यातून येताना मशीन ज्या सेटिंगवर होतं ते आणि बायॉस ज्याला डीफॉल्ट म्हणतं ते, दोन्ही वेगळं निघालं. आणि मूळ सेटिंग काय होतं ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मशीन बनवणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन केला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशी केंद्रं सगळीकडे एकाच साच्यातली. चाळीस मिनिटं सनई-चौघडा ऐकल्यावर जो माणूस आला त्याने समोरच्या कागदावरून वाचल्यासारखं विचारलं, ‘सर, पॉवर बटन तीस सेकंद दाबून धरलंत का?’ धरलं. ‘आता सिक्युरिटी चिप रीसेट करा, की मागणं बंद होईल.’ मी विचारलं, ‘डेटा?’ तो म्हणाला, ‘डेटा हार्ड डिस्कवर असतो सर, चिपवर नाही.’ वाक्य शब्दशः खरं आहे, हीच गंमत. बायॉसने विचारलंही, की यात साठवलेल्या किल्ल्या जातील, पुढे जायचंय का. फोन कानाला धरून मी एका बोटाने होकाराचं बटन दाबलं. तो आवाजसुद्धा लक्षात आहे, त्या कीबोर्डची वरची रांग जरा खडखड करायची.

की मागणं बंद झालं नाही, हे सांगायला नको. पुन्हा फोन केला. दुसरा माणूस, पुन्हा सनई. ‘लिनक्स टाकायचा प्रयत्न केलात ना सर, मग ते आमच्यात बसत नाही. फॅक्टरी रिकव्हरी करून घ्या.’ दोन दिवस तसाच बसलो, मग केली. आईच्या जुन्या फोटोंचे स्कॅन त्यात होते. फोटो कपाटात आहेत, ते पुन्हा स्कॅन झाले. पण प्रत्येकाखाली आईला विचारून विचारून कोण कुठला ते लिहिलं होतं, ती फाइल गेली. दुसऱ्यांदा विचारायला बसलो तेव्हा तिला निम्मी नावं आठवेनात.

आणि खरा चटका पुढे. सहा-सात महिन्यांनी भाचा घरी आला होता, त्याला सहज ही हकिगत सांगितली. तो म्हणाला, ‘मामा, पण लॅपटॉप पहिल्यांदा मीच चालू करून दिला होता ना? माझ्या जुन्या ईमेलने.’ तिथल्या तिथे मोबाइलवर त्याने ते मायक्रोसॉफ्ट खातं उघडलं. माझ्या लॅपटॉपच्या नावासमोर 48 आकडे शांतपणे पडून होते. किल्ली त्याच्या खिशात होती आणि मी कुलूपवाल्याला शिव्या देत होतो.

म्हणून तुम्हाला विचारतो, तुमचं मशीन पहिल्यांदा कुणी सुरू केलं? डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच ते कुलूप) बऱ्याच लॅपटॉपवर आपोआप चालू होतं आणि की त्या पहिल्या ॲडमिनच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. भाऊ, मुलगी, ऑफिसमधला कुणी, दुकानदार, सगळ्यांना विचारा. मशीन ऑफिसचं असेल तर की त्यांच्या आयटीवाल्यांकडे असू शकते. एका खात्यात दोन-तीन की दिसल्या तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा.

विंडोज उघडलं की घाई करू नका. आधी 48 आकडे कागदावर (त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइल करून नव्हे, असे महाभाग पाहिलेत). मग महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर. मग एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा किंवा पूर्ण काढा. ‘सस्पेंड’ केलंत तर ते एका रीस्टार्टनंतर आपणहून पुन्हा चालू होऊ शकतं, आणि आपल्याला रीस्टार्ट बरेच लागणार आहेत. मी तर पूर्ण काढतो, वेळ लागला तरी, आणि काम झाल्यावर पुन्हा लावतो.

आता मूळ दुखणं, डिस्क न दिसणं. पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये (इन्स्टॉल न करता) शिरा, टर्मिनल उघडा, ‘सुडो डीमेसग’ (sudo dmesg, सुरू होतानाच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवा आणि ‘रीमॅप्ड’ (remapped) हा शब्द शोधा. ‘फाउंड 1 रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस’ आणि त्याखाली ‘स्विच युअर बायॉस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम’ अशा ओळी सापडल्या तर निदान झालं. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजने एसएसडी पडद्याआड ठेवलीय. कर्नल (लिनक्सचा गाभा) इतकं स्पष्ट सांगत असताना मी चार डिस्ट्रो उतरवत बसलो होतो! तशी ओळ नसेल तर मोड बदलायच्या फंदात पडू नका, कारण दुसरं आहे. इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर याच जागी बहुधा ‘व्हीएमडी’ (इंटेलचाच डिस्क पडद्याआड ठेवणारा नवा प्रकार) भेटतं. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, तेव्हा आधी ताज्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह करून बघा, कदाचित बायॉसला हातच लावावा लागणार नाही.

रेडवरून एएचसीआयवर जायचंच असेल तर क्रम असा. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) उघडून बूटच्या पानावर सेफ बूट, मिनिमल. रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये, मोड एएचसीआय. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि उघडताना योग्य ड्रायव्हर उचलेल. मग तीच खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. झालं. एक खाच: सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो आठवतोय का ते आधी बघा. आणि दोन डिस्क खरोखर रेडमध्ये जोडलेल्या असतील किंवा ऑप्टेनची (इंटेलची डिस्कचा वेग वाढवणारी) कॅश चालू असेल तर असा थेट बदल अजिबात करायचा नाही. आधी ती जोडणी इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून रीतसर सोडवावी लागते.

सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला तुम्हाला ज्याने दिला त्याला माझा नमस्कार कळवा. उबुंटू, फेडोरा यांना गेली कित्येक वर्षं त्याची गरज नाही. डेबियनसुद्धा 2019च्या 10व्या आवृत्तीपासून सिक्युअर बूट चालू ठेवून बसतं. तो बंद केला नसतात तर बहुधा 48 आकड्यांचा हा पडदा दिसलाच नसता. एनव्हिडिया कार्ड असेल तर तो तिसरा निळा पडदा येईल. तिथे ‘एनरोल’ निवडून इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा. घाईत ‘कंटिन्यू’ केलंत तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग लोक लिनक्सला नावं ठेवतात.

बाकी किरकोळ. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ‘शट डाउन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. लिनक्स टाकल्यावर ग्रबच्या (सुरू होताना सिस्टिम निवडायला देणाऱ्या मेनूच्या) यादीत विंडोज दिसलं नाही तर छातीत धस्स होऊ देऊ नका. ग्रबच्या 2.06 आवृत्तीपासून, म्हणजे 2021पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असतो. काही डिस्ट्रो तो चालू करून देतात, काही नाही. दोन्हीकडची घड्याळं एकमेकांशी भांडतील, तेही सुटतं, नंतर विचारा.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर एकाच डिस्कवर दोघांचा संसार मांडूच नये. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर लिनक्स तिच्यावर टाका. ऑगस्ट 2024मध्ये विंडोजच्या एका अपडेटने कितीतरी जणांचं लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून अडवलं होतं. आपली काहीच चूक नसतानाही असं होतं. (वेगळ्या डिस्कने ते टळलंच असतं असं नाही, पण निस्तरताना एक बाजू तरी शाबूत राहते.) हे मत न पटणारे इथे बरेच आहेत, त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

आता तुम्ही एवढंच करा: सेटिंग फिरवायच्या आधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, मग दोन्ही गोष्टी पूर्ववत करा, आणि विंडोज उघडलं की नाही ते इथे लिहा. नाही उघडलं तर आत्ता जो पडदा दिसतोय त्याचा फोटो टाका. आणि लॅपटॉप पहिल्यांदा कुणी सुरू केला होता तेही सांगा. 48 आकडे सापडले तर ते मात्र इथे चिकटवू नका.