हेपटायटिस सी चे आकडे मोजायलास तर आधी हे बघ
अरे गड्या, हेपटायटिस सी म्हंजे रक्तातून पसरणारा यकृताचा व्हायरस, अन् तू नांदेडच्या डायलिसिस पेशंटची यादी घेऊन अख्ख्या देशाचा ट्रेंड सांगायलास, तसं नसतंय. तिथं सुई-रक्ताचा संबंध जास्त म्हणून पॉझिटिव्ह जास्त, अन् ब्लड बँकेत निवडून घेतलेले डोनर म्हणून कमी, आकडे दोन्ही खरे पण देशाचं चित्र कुठलाच देत नाही. दुसरं, अँटिबॉडी (व्हायरसशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह म्हंजे व्हायरस अंगात आहेच असं नाही, १२ आठवडे गोळ्या खाऊन बरा झालेलाही वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच दिसतो, म्हणून व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते सांगणाऱ्या आरएनए टेस्टचा कॉलम वेगळा ठेव (मी एकत्र केलता, सगळं परत मोजावं लागलं). अन् २०१८ ला सरकारचा हेपटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आल्यावर फुकट तपासण्या सुरू झाल्या, तर केसेस वाढल्या की लगेच साथ आली म्हणून बोंबलू नको, आधी टेस्ट किती झाल्या त्यानं भागून बघ.