असली मिसळ, अस्सल मिसळ आणि वकिलाचा अशील

प्रश्न नाशिकच्याच एका वाचकाचा आहे. गंगापूर रोडला मिसळ खायला गेले, तिथे पाटी होती, 'असली नाशिक मिसळ'. मुलगी म्हणाली, 'अस्सल' हवं. वडील म्हणाले, दोन्ही शब्द परके. आपली ओळख सांगायला दुसऱ्याचा शब्द कशाला, सरळ 'मूळ' लिहावं. आता बरोबर कोण, पाटी, मुलगी की वडील?

मुलगी.

पण 'असली'बद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण हल्ली तो उठताबसता कानावर आदळतो. असली चव, असली मजा, असली सोनं. हिंदीत खुशाल म्हणा. मराठीत 'असली' हे 'असला'चं स्त्रीलिंगी रूप आहे आणि बहुतेक वेळा ते नाक मुरडूनच उच्चारलं जातं. 'असली मिसळ खायला एवढ्या लांब आणलंस?' हे वाक्य एखाद्या नाशिककराला ऐकवून बघा. पदरचे पैसे घालून पाटी रंगवायची आणि तिच्यावर आपल्याच पदार्थाला नावं ठेवायची, ही कुठली रीत? 'असली सोनं'ची तर आणखी पंचाईत. सोनं नपुंसकलिंगी, म्हणून मराठी कान ते 'असलं सोनं' असं दुरुस्त करून घेतो, आणि सराफाच्या दुकानात 'असलं सोनं' म्हटलं की सौदा फिसकटलाच.

आता 'अस्सल'. अरबीत 'अस्ल' म्हणजे झाडाचं मूळ, बुंधा. त्यावरून उगम, पाया. हिंदीतला 'उसूल' हे त्याचंच अनेकवचन. फारसीचं बोट धरून हा शब्द दख्खनेत आला. म्हणजे वडिलांचं 'मूळ' आणि हे 'अस्ल' अर्थाने सख्खे भाऊ. तरी 'मूळ मिसळ' म्हणून चालणार नाही, कारण त्यातून पुढे बदलत गेलेल्या मिसळीची आधीची आवृत्ती असा अर्थ निघतो.

खरी मजा त्या जोड 'स्स'मध्ये आहे. अरबीत दोन व्यंजनं शेवटी एकमेकांना चिकटून येतात: अक्ल, नक्ल, शक्ल, कत्ल, अस्ल. असा शेवट मराठी जिभेला रुचत नाही. हिंदीभाषक बोलताना मध्ये एक 'अ' सरकवून मोकळा होतो: अकल, नकल, शकल, असल. मराठीने मधला 'अ' तर घातलाच, वर आधीच्या व्यंजनावर जोर देऊन ते दुप्पट केलं. अक्कल, नक्कल, शक्कल, कत्तल, अस्सल. एकदा ही खोड लागल्यावर, जिथे मुळात दोन व्यंजनं चिकटलेली नव्हती तिथेही तिने हात मारला. हिंदीत 'रकम', आपल्याकडे रक्कम. हिंदीत 'अमल', आपल्याकडे अंमल, आणि तो म्हणताना आपण 'अम्मल' म्हणतो. माझं म्हणणं असं, की हा ठेका मराठीचा स्वतःचा आहे. आलेल्या शब्दाला तिने दारातच आपल्या तालावर पाय टाकायला लावला. 'कदर', 'दखल' आणि 'फसल' या नियमात बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. कृपया कळवू नये.

अर्थाचंही तेच. अरबी 'शक्ल' म्हणजे आकार, हिंदीत ती चेहरा झाली आणि मराठीत 'शक्कल' म्हणजे युक्ती. शक्कल लढवायची असते, बघायची नसते. एवढं सगळं होऊनही या शब्दाला परका म्हणायचं असेल, तर घरातल्या सुनेलाही आयुष्यभर पाहुणी म्हणा.

एका शब्दप्रेमी गृहस्थांनी मला ठासून सांगितलं होतं, की 'अस्सल' हा अ + सल, ज्यात सल नाही तो. याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत, शब्दकोडं म्हणतात. पाय देऊन मळतात म्हणून 'पाव', असं सांगणारे यांचेच भाऊबंद. पाव पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेतही भाकरी-ब्रेडला साधारण तसंच म्हणतात. विषय संपला.

शब्द हाकलून द्या म्हणणाऱ्यांचं घराणं जुनं आणि सन्माननीय आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. भाषाशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते सावरकर तर आपल्याच जिल्ह्यातल्या भगूरचे, जन्म १८८३. त्यांचे 'दिनांक' आणि 'महापौर' आज सगळे वापरतात. पण कसे वापरतात ते पाहा: अर्जावर दिनांक लिहितो आणि दाताच्या डॉक्टरकडे तारीखच मागतो. कागद, शाई, दप्तर यांना तर कुणी हलवू शकलं नाही. माझा या मंडळींशी वाद नव्या शब्दांवरून नाही. नवे शब्द हवेच आहेत. जुन्याला घराबाहेर काढल्याशिवाय आपली ओळख उजळत नाही, हे मात्र मला पटत नाही. नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, पेशवाईत जुनं नाव परत आलं. पण परत आलेल्या नाशिकच्या कचेऱ्यांत दप्तरं होतीच.

आणि 'अस्सल' मुळी कचेरीतलाच. त्याची जोडी नक्कलशी. तहसीलमध्ये, भूमी अभिलेखमध्ये आजही 'अस्सल सोबत आणा, नक्कल जोडा' हे ऐकू येतं. नक्कल निघाल्याशिवाय कागदाला अस्सल म्हणायची गरजच पडत नाही. तोवर तो नुसता कागद असतो. म्हणून येवल्याच्या पैठणीला हा शब्द बरोबर शोभतो. यंत्रमागावरची 'सेमी' बाजारात आली आणि हातमागावरची अस्सल झाली. पदर उलटा करून बघावा: हातमागाची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते, यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात. या अस्सल पैठणीचं रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून, आणि 'रेशीम' व 'जर' हे दोन्ही शब्द इराणातून. येवल्याचं आहे ते विणणं, आणि अस्सल म्हणायचं ते त्यालाच.

मिसळीला अस्सल म्हणणं मात्र विनोदी आहे. मिश्र, मिस्स, मिसळणे. नावातच भेसळ कबूल केलेला पदार्थ! त्यातली मटकी इथली. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांमुळे आलेली, आणि आपण तिला आपल्या मिरीचं नाव दिलं. बटाटा घालत असाल तर तोही तिकडचाच, नावासकट. वरच्या रश्श्याला पुण्यात सॅम्पल म्हणतात, कोल्हापुरात कट, आणि त्यावरून भांडताना 'सॅम्पल' इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. काळा रस्सा, पापड, दही ही आमची तऱ्हा. पण नाशिकबाहेरचं गिऱ्हाईक येईपर्यंत तिला 'नाशिक मिसळ' म्हणायची वेळ कुणावर आली होती? घरात आपण नुसती मिसळच म्हणतो.

बरं, हे सगळं ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. त्याच 'अस्ल'पासून अरबीत 'असील' होतो: मूळचा, कुलीन. झुंजीचा असील कोंबडा तो हाच. आणि अरबी कायद्याच्या भाषेत असील म्हणजे ज्याचं मूळ काम आहे तो, आणि त्याच्या वतीने बोलतो तो वकील. म्हणजे अस्सल-नक्कलसारखीच दुसरी जोडी, असील-वकील. मराठीत आल्यावर या असीलचा कुणीतरी 'अशील' केला. 'शील' ओळखीचं दिसलं असणार, दंत्य 'स'चा तालव्य 'श' झाला, आणि आता संस्कृत जाणणाऱ्याला वाटतं की वकील आपल्या पक्षकाराला शील नसलेला म्हणतोय. 'माझे अशील निर्दोष आहेत' हे वाक्य नाशिकच्या कोर्टात रोज कुणी ना कुणी बोलत असेल. शुद्धीच करायची हौस असेल तर सुरुवात तिथून करा, त्या 'श'पासून, आणि वकिलांची सही घेऊन या.