इंग्रजी माध्यमातल्या नऊ वर्षांच्या मुलाला मेच्या सुट्टीत कोणती मराठी पुस्तके द्यावीत?

आपण लिहिले आहे की आपण ऐरोलीला राहता, मुलगा चौथीची परीक्षा देऊन मोकळा झाला आहे, घरात अस्खलित मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक हाती दिले की दुसऱ्याच ओळीला ते मिटून ठेवतो. सुट्टीत त्याला काय वाचायला द्यावे, कोणते उपक्रम करावेत आणि रोज किती पाने वाचून घ्यावीत, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी ठाण्यातील एका ग्रंथालयाच्या बालविभागाचे काम पाहते आणि एप्रिल उजाडला की हाच प्रश्न घेऊन आमच्या टेबलाशी पालकांची रांग लागते.

अशा मुलांचा कान त्यांच्या डोळ्यांच्या बराच पुढे गेलेला असतो. आपल्या मुलाला ऐकून पाचवी-सहावीची गोष्ट सहज समजत असेल, परंतु जोडाक्षर आले, रफार आला की त्याचे वाचन दुसरीतल्या मुलासारखे अडखळते. त्यामुळे जे पुस्तक त्याला वाचता येते ते त्याला बाळबोध वाटते, आणि ज्या गोष्टीत त्याचे मन रमेल ती त्याच्याने वाचवत नाही. हा कंटाळा नव्हे, आणि आळस तर मुळीच नव्हे.

म्हणून पहिले पुस्तक त्याच्या हाती देऊ नका. आपण स्वतः वाचून दाखवा. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' या कामासाठी मला अजूनही सर्वांत भरवशाचा वाटतो. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे पुण्याच्या शाळेत येतो आणि जिथे जातो तिथे काही ना काही उलाढाल होते. वाक्ये छोटी, संवाद भरपूर, आणि त्याचे ते 'ट्टॉक' तर मुले दुसऱ्या दिवसापासून घरभर करत फिरतात. ऐन रंगात आलेल्या ठिकाणी थांबून 'पुढचे एक पान तू वाच, तोवर मी कुकर लावून येते' असे म्हणावे. उत्सुकता असली की अडखळण्याची लाज वाटत नाही. तो चुकला तरी ओळ पुरी होईपर्यंत मध्ये टोकू नये, एवढे मात्र पाळावे.

स्वतःहून वाचण्यासाठी कविता द्या, हा सल्ला पालकांना चमत्कारिक वाटतो, कारण कविता कठीण असते अशी आपली समजूत असते. मुलांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ओळ तोकडी असते, लय पुढचा शब्द अर्धा सुचवते आणि यमक उरलेला अर्धा. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' किंवा 'एटू लोकांचा देश' या संग्रहांतली एखादी कविता तीनदा मोठ्याने म्हणून झाली की चौथ्यांदा मूल ती वाचते आहे की पाठ म्हणते आहे हे सांगता येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. माधुरी पुरंदरे यांची 'यश' मालिका त्याला वयाने किंचित लहान पडेल, पण घरात धाकटे भावंड असेल तर 'तू तिला वाचून दाखव' या निमित्ताने ती पुस्तके बिनबोभाट वाचून होतात. थोडा सराव झाल्यावर त्यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चा बालगट आणावा. त्यात निवडक मराठी उतारे चित्रांच्या सोबतीने येतात.

उपक्रमांच्या बाबतीत आधी आमची एक चूक सांगते. एका सुट्टीत आम्ही सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले. आठवड्याभरात जाड पुस्तकांवर धूळ बसली आणि सोळा पानी पुस्तके सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ लागली. आता बक्षीस नाही. वाचणाऱ्याने पुस्तकात पुढच्या वाचकासाठी एका ओळीची चिठ्ठी ठेवायची, एवढेच. 'मधला कुत्रा मरत नाही, घाबरू नकोस' अशी एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. सारांश लिहून घेण्यापेक्षा हे फार बरे; सारांशाने सुट्टीची शाळा होते.

आपल्या घराजवळचाच एक खेळ सुचवते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी ही आपल्या रेल्वेमार्गावरच्या स्थानकांची नावे मराठीत चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा आणि त्याला क्रमाने लावायला सांगा. नावे त्याच्या कानाला पाठ आहेत, त्यामुळे तुर्भ्यावरचा रफार त्याला शिकवावा लागणार नाही. याच ओघात 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डब्यांची पहिली गाडी तीन इंजिने जोडून ठाण्यापर्यंत आली ती हकिगत सांगा, एखाद्या रविवारी ठाणे स्थानकात फलाटावर उभे राहून सांगितली तर अधिक चांगले, आणि मग 'तोत्तोचान' वाचायला घ्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेल्या या जपानी आठवणींमधली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. रेल्वेवेड्या मुलाला एवढे आमिष पुरते.

सगळी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. ठाण्यात 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्या भागातल्या वाचनालयाचे सभासदत्व घेतले तरी चालेल, मात्र पुस्तक मुलाला स्वतः निवडू द्या, मुखपृष्ठ पाहून निवडले तरी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. तिथे तिसऱ्या पातळीऐवजी दुसरीपासून सुरुवात करावी.

राहिला पानांचा प्रश्न. पाने मोजू नका; रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे ठरवा आणि त्यातली निम्मी आपण वाचा. पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यावर सोडायची त्याला मुभा असू द्या. गावी जाणार असाल तर पिशवीत दोन पुस्तके टाका, त्यातले एक त्याने आधी वाचलेले असावे. तिथे भावंडांना वाचून दाखवायला तो तेच काढील.