पॅकेज घेण्याआधी सामना कुणाच्या अंगणात आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की 2023 ला आयपीएल मोबाइलवर फुकट दिसत होती, आता पैसे मागतात, मध्येच आशिया चषकाला दुसरंच अ‍ॅप लागलं. तर सांगलीला वडिलांसाठी वर्षाचं कुठलं पॅकेज घ्यावं?

माझं मत विचाराल तर वर्षाचं कुठलंच घेऊ नका.

‘क्रिकेट’ असं पॅकेज कुणीच विकत नाही. प्रक्षेपणाचे हक्क यजमान मंडळ विकतं. आपण घरी खेळलो तर बीसीसीआय, इंग्लंडात तिथलं मंडळ, विश्वचषकाला आयसीसी. प्रत्येकाचा करार वेगळा, मुदत वेगळी. 2025 चंच घ्या. इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीकडे, पण मोबाइलवर जिओहॉटस्टारला. सप्टेंबरात आशिया चषक सोनीच्या वाहिन्यांवर आणि सोनीलिव्हवर. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलिया दौरा परत स्टार आणि जिओहॉटस्टारवर. खेळाडू तेच, दुकान बदललं. त्यामुळे आधी पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक काढा, मग पाकीट.

फुकटाचं म्हणाल तर तो दोन दुकानदारांच्या भांडणातला चहा होता. 2022 च्या लिलावात 2023 ते 27 चे आयपीएल हक्क एकूण 48,390 कोटींना गेले. भारतातले टीव्हीचे हक्क हॉटस्टारवाल्या डिस्ने स्टारने 23,575 कोटींना घेतले, डिजिटल म्हणजे मोबाइल-अ‍ॅपवरचे जिओसिनेमावाल्या वायकॉम18 ने 20,500 कोटींना. तेव्हा 410 सामने धरले होते, म्हणजे नुसत्या डिजिटलचे सामन्याला 50 कोटी! एकाकडे टीव्ही, दुसऱ्याकडे मोबाइल. मोबाइलवाल्याने गिऱ्हाईक ओढायला दार सताड उघडं ठेवलं, मराठी समालोचनसुद्धा दिलं. नोव्हेंबर 2024 मध्ये दोघांचं एकत्रीकरण झालं, फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार आलं. आता चहा कोण पाजणार?

आता पॅकेजमधली मेख. जिओहॉटस्टार आलं तेव्हा तीन महिन्यांचे दर होते: मोबाइल 149, सुपर 299, जाहिरातमुक्त 499 रुपये. सगळ्यात स्वस्त प्लॅन फक्त फोनपुरता, तोही एका वेळी एकाच. मी एकदा काकांना एका अ‍ॅपचा असाच स्वस्तातला प्लॅन घेऊन दिला होता. सामना रंगात आलेला, काका रिमोट घेऊन बसलेले आणि टीव्हीवर ‘प्लॅन अपग्रेड करा’. शेवटची तीन षटकं काका-काकू एका फोनवर डोकी टेकवून बघत होते. तेव्हापासून मी किंमत नंतर बघतो, आधी ‘टीव्हीवर चालेल का’ ते. आणि जाहिरातमुक्त म्हणजे मालिका-सिनेमे. थेट सामन्यात जाहिराती येतातच. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका.

वडील फक्त टीव्हीवर बघणार असतील तर अ‍ॅपच्या नादी कशाला लागता? ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे वाहिनी सुटी घेता येते. आमच्याकडे एक स्पोर्ट्स वाहिनी महिना 19 रुपये अधिक जीएसटी पडते. केबलवाला ‘पॅकेजमध्येच येतं ओ’ म्हणेल. सुटीच मागा, एसडी (साधं चित्र) की एचडी (जास्त स्पष्ट चित्र) तेही सांगा, नाहीतर बिलात भलतंच निघतं.

डीडी फ्री डिश, म्हणजे महिन्याचं भाडं नसलेली सरकारी डिश, घ्या असंही कुणी सुचवेल. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला द्यावं लागतं, म्हणून भारताचे एकदिवसीय आणि टी-20 तिथे दिसतात. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. म्हणून खासगी केबलवर तीच डीडी स्पोर्ट्स लावली तर सामन्याऐवजी भलताच कार्यक्रम लागतो. आयपीएलची आशा तिथे धरू नका.

अ‍ॅप घेतलंच तर यूपीआयने पैसे भरताना बहुतेकदा ऑटोपेला, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायला, मंजुरी घेतली जाते. स्पर्धा संपली की अ‍ॅप नुसतं डिलीट करून भागत नाही. फोनपे, गुगल पे, जे वापरत असाल त्यात ऑटोपेची यादी उघडून तिथूनच रद्द करा. पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज येतो, पण वडिलांच्या फोनवर आलेला मेसेज तुम्हाला दिसणार आहे का?

सांगलीचा टीव्ही स्मार्ट आहे की सेट-टॉप बॉक्सवाला, तेवढं कळवा. मग नेमकं सांगतो.