बारावीत ८८, एम-वनमध्ये नापास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलीला बारावीच्या गणितात १०० पैकी ८८ होते, सीईटीलाही पर्सेंटाइल चांगलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सत्रात एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला. अभ्यासाला बसत नाही असंही नाही. चुकतंय कुठे?
– एक पालक, सातारा

उत्तर: बहुधा अकरावीत. बोर्डाचा पेपर फक्त बारावीच्या पुस्तकांवर निघतो, अकरावीची वार्षिक परीक्षा कॉलेजच घेतं आणि सीईटीत अकरावीचा वाटा २० टक्के. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी अकरावी घाईत उरकतात. डिटरमिनंट, कॉम्प्लेक्स नंबर, लिमिट ही प्रकरणं तिथे कच्ची राहतात, आणि एम-वन उभा असतो त्यांच्यावरच.

८८ गुण खोटे नाहीत, पण त्यांची फोड करून पाहा. २० प्रात्यक्षिकाचे, ते सहसा हातचे सुटत नाहीत. लेखी ८० गुणांसाठी विकल्प धरून ११२ गुणांचे प्रश्न समोर असतात: १२ पैकी ८, १२ पैकी ८, ८ पैकी ५. इंटिग्रेशन नकोसं वाटलं तर त्यातलं बरंच टाळता येतं. सीईटीत ९० मिनिटांत ५० पर्यायी उत्तरांची गणितं, म्हणजे एकाला दोन मिनिटंही नाहीत. तिथे पर्याय भरून पाहायची सवय लागते, आणि त्या परीक्षेपुरती ती योग्यच आहे. विद्यापीठाच्या पेपरात मात्र निवडायला तयार उत्तरं नसतात. पायरीला गुण असतात.

पुढच्या प्रयत्नाआधी महिनाभर रोज तासभर द्या. आधी मॅट्रिक्स. तीन बाय तीनची दहा मॅट्रिक्स हाताने एशेलॉन रूपात (खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्यांच्या पायऱ्या) आणायची आणि प्रत्येक पायरीशेजारी कोणती ओळ कितीने गुणून कुठे वजा केली ते लिहायचं. हे लिहिलं नाही तर दुसऱ्या ओळीत चुकलेलं चिन्ह रँकपर्यंत (शेवटी शून्य नसलेल्या ओळी किती, त्या उत्तरापर्यंत) जातं आणि मागे फिरून सापडत नाही. मग डेरिव्हेटिव्ह. पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये (एक चल बदलतं, बाकीचे स्थिर धरायचे) हमखास अडतं ते ‘एक्सचा वाय घात’ इथे: एक्सच्या संदर्भात घाताचा नियम लागतो, वायच्या संदर्भात उत्तरात लॉग एक्स येतो. हे बारावीच्या लॉगॅरिदमिक डिफरन्सिएशनमध्येच आहे. ते प्रकरण पुन्हा काढा. शेवटी सीईटीची जुनी गणितं पर्याय झाकून, पूर्ण पायऱ्यांनी. आणखी एक क्लास लावू नका. पेपर तपासून चूक दाखवणारं कुणी मिळालं तर तेवढं पुरे.

प्रश्न: बीएस्सीला आहे. फिजिक्सच्या प्रात्यक्षिकाला तोंडीत काहीच सांगता येत नाही. बारावीला जर्नल पूर्ण होतं.
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: जर्नल पूर्ण असणं आणि रीडिंग स्वतः घेतलेलं असणं यात फरक आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मायक्रोमीटर स्क्रू गेजपासून सुरुवात करा. लघुतम माप, म्हणजे गेजने मोजता येणारं सर्वांत लहान अंतर, काढा (नेहमीच्या गेजचं ०.०१ मिलिमीटर), जबडे मिटवून शून्य त्रुटी चिन्हासकट नोंदवा, तारेचा व्यास वेगवेगळ्या पाच ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. तार अगदी गोल नसते म्हणून दोनदा. आलेखाचा उतार काढताना आपली रीडिंगं वापरू नका. काढलेल्या रेषेवरचे, एकमेकांपासून लांब असलेले दोन बिंदू घ्या. तोंडीतले निम्मे प्रश्न या ‘का’मधूनच येतात.

प्रश्न: मुलाला इंटिग्रेटेड (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असलेल्या) ज्युनिअर कॉलेजात घालावं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर: फी भरण्याआधी अकरावीचं प्रयोगशाळेचं वेळापत्रक मागा आणि मागच्या वर्षीच्या मुलांच्या तपासलेल्या लेखी उत्तरपत्रिका दाखवा म्हणा. फक्त ओएमआर शीटच (पर्यायांचे गोल रंगवायचे कागद) पुढे आल्या, तर दुसरं कॉलेज बघा.